दक्षिणायनातील कोंबड्या

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ आमच्या घरामागे जी चार पावलांची बाग आहे, तिथे गोदावरी, कृष्णा, भीमा आणि कोयना अशा चार कोंबड्या राहतात. जून महिन्यात या चौघी अशा दुथडी भरून वाहत होत्या, की रोजची तीन-चार अंडी संपवणे हेच आमच्या घरातले मुख्य काम होऊन बसले होते. भुर्जी झाली, रस्सा झाला, ऑम्लेटे झाली. शेवटी शेजारच्या आजोबांना दर रविवारी सहा अंड्यांचा खोका नेऊन देण्याची प्रथा मी सुरू केली आणि ‘आमच्या घरची आहेत’ हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होऊ लागली.

ऑक्टोबरात एका सकाळी खुराडे उघडले, तर आत उशी फाटावी तशी पिसे पसरलेली होती. कोल्हा येऊन गेला असे समजून मी हादरलो. पण कोपऱ्यात भीमा उभी होती, जिवंत, आणि मानेपासून शेपटीपर्यंत अर्धवट सोललेली. ती पिसे गाळत होती. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनते, त्यामुळे नवा कोट शिवायला घेतलेली कोंबडी अंड्यांचे काम बाजूला ठेवते. पाठोपाठ कृष्णा आटली, मग गोदावरीही आटली.

मी साताऱ्याला आईला फोन लावला.

“अरे, खायला काय घालतोस त्यांना?”

“गोळ्या. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खास मिळतात.”

“गोळ्या? आजारी आहेत का त्या? शिळी भाकरी कुस्करून घाल की!”

इथल्या कायद्याप्रमाणे स्वयंपाकघरातून आलेले काहीही कोंबडीला घालता येत नाही, घर शाकाहारी असले तरी नाही, फक्त दुधातुपालाही न शिवणाऱ्या व्हीगन घराला तेवढी सूट आहे, हे मी तिला समजावून सांगितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते, हेही सांगितले. आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मग पाळायच्या तरी कशाला रे?” (नोंदणीच्या अर्जात कोंबड्या किती हे विचारतात, अंडी किती हे विचारत नाहीत, ही सरकारची माझ्यावर मोठीच मेहेरबानी.)

खरे कारण भाकरीत नव्हते, उजेडात होते. कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी नव्हे, तर कवटीतून थेट मेंदूपर्यंतही जाणवतो आणि दिवस साधारण १४ तासांचा असला की तिच्या शरीरात अंड्यांचे चक्र जोमाने फिरते. २१ डिसेंबरला साताऱ्यात ११ तासांचा दिवस असतो. आमच्याकडे तो ८ तासही भरत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. इथे कोंबड्या उघड्यावर ताटकळत उभ्या असतात आणि तांबडे आठ वाजेपर्यंत फुटत नाही.

मग मी खुराड्यात टायमर लावून दिवा बसवला. पहिल्या रात्री तो आठ वाजता पटकन विझला आणि अंधारात काहीच न दिसणाऱ्या कृष्णेला बसायची दांडी सापडेना. मी चिखलात गुडघे टेकून, तोंडात टॉर्च धरून तिला वर ठेवले. वाढीव उजेड संध्याकाळी नव्हे, पहाटे द्यायचा असतो, हे मला नंतर कळले. पहाटे चारला दिवा लागू लागल्यावर आजोबांनी अतिशय सभ्यपणे विचारले, की आमच्या मागच्या अंगणात एवढ्या रात्री दिव्याखाली नेमकी कशाची लागवड चालू आहे. बायकोने त्याच दिवशी निकाल दिला: “अरे, वर्षभर राबल्यात त्या. तुला कोणी पहाटे चारला दिवा लावून कामाला बसवलं तर चालेल का?” दिवा उतरला.

आता उरली एकटी कोयना. ती त्याच वसंतात अंडी द्यायला लागलेली तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, होती आणि पहिल्या हिवाळ्यात तलंगा बहुधा अंडी देत राहतात. नावाला जागून त्या अंधारात तिने आम्हाला दोन-तीन दिवसांआड एक अंडे पुरवले. पण आजोबांचा खोका सहांचा होता आणि माझी मान अजून ताठच होती. एका शनिवारी मी दुकानातून अंडी आणली, जुन्या खोक्यात भरली, वर शोभेला थोडा पेंढा पसरला आणि नेऊन दिली. रविवारी दुपारी आजोबा एक अंडे हातात घेऊन दारात उभे राहिले. त्यावर लाल शाईत सिंहाचा शिक्का होता.

“हे फारच सुरेख आहे,” ते म्हणाले. “गोदावरीचे की कृष्णेचे?”

संक्रांतीला आई फोनवर म्हणाली, की आता दिवस तिळातिळाने वाढेल. मी रोज सूर्यास्ताची वेळ पाहू लागलो आणि इतके बारीक तीळ मी जन्मात पाहिले नव्हते. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवस दहा तासांच्या आसपास पोहोचला, तेव्हा गोदावरी एका सकाळी पेटीत तासभर बसून राहिली आणि मग तिने जो कलकलाट केला, त्याने सारी गल्ली जागी झाली असावी. मी ते अंडे न धुता, चिखलाच्या बोटासकट, तसेच उचलून आजोबांकडे नेले. त्यांनी आत जाऊन चष्मा आणला, खिडकीशी उभे राहून ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले आणि मगच ठेवून घेतले.