शब्द मोजून खासदार कळत नाही
कॅनडाचे खासदार केविन लॅमरू यांच्यावरच्या लेखात ते संसदेत किती शब्द बोलले याचीच मोजदाद आहे, ते पटलं नाही. विनिपेग नॉर्थचे हे खासदार २०१० च्या पोटनिवडणुकीतून कॅनडाच्या संसदेत आले. मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत तर १९८८ मध्येच निवडून गेले होते. २०१५ मध्ये त्यांच्या लिबरल पक्षाचं सरकार आल्यावर ते सभागृह नेत्यांचे, म्हणजे संसदेत सरकारचं कामकाज सांभाळणाऱ्या मंत्र्यांचे, संसदीय सचिव (मदतनीस खासदार) झाले. म्हणजे सरकारच्या बाजूने किल्ला लढवणं हे त्यांचं कामच! विधेयक कुठलंही असो, ते उठून बोलतात, विरोधकांचे प्रश्न झेलतात. त्यात गैर काय? मला काळजी वाटते ती मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या लिबरल खासदारांची. सरकारी बाजूचा एवढा वेळ एकच माणूस बोलणार असेल, तर त्यांच्या मतदारांचं म्हणणं कधी मांडलं जाणार?