झाडाआडून लढायला युरोपला अमेरिकेने शिकवलं?

एक मजकूर पुन्हा फिरतोय. आशय असा की युरोपातली सैन्यं रंगीत कोट घालून मैदानात रांगेने उभी राहायची आणि मुकाट गोळ्या खायची. १७७५ मध्ये अमेरिकन शेतकऱ्यांनी झाडाआडून नेम धरला तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. वर आपल्याकडची फोडणी : गनिमी कावा गोऱ्यांना ठाऊकच नव्हता.

तारखांपासूनच सुरुवात करू. ऑस्ट्रियाच्या तुर्की सरहद्दीवर क्रोएट शेतकरी-शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. कसायला जमीन मिळायची, बदल्यात सरहद्द राखायची. छापे, पाळत, दबा हा त्यांचा रोजचा धंदा. १७४१ मध्ये ट्रेंक नावाच्या सरदाराने स्लाव्होनियातून पांडूरांची, म्हणजे छापे घालणाऱ्या हलक्या पायदळाची, स्वतंत्र तुकडी उभारली. फ्रान्सने १७४४ मध्ये ग्रासँ नावाच्या अधिकाऱ्याची अशीच हलकी तुकडी काढली, तिच्यात पायदळ आणि घोडेस्वार एकत्रच. अमेरिकेतली पहिली गोळी यानंतर तीसेक वर्षांनी सुटली.

यांचा प्रत्यक्ष लढाईत काय उपयोग, असं विचारणाऱ्याने ११ मे १७४५ ची फ्रेंच विरुद्ध इंग्रज आणि त्यांचे मित्र अशी फोंतेन्वाची लढाई बघावी. फ्रेंच डाव्या बगलेला बारीचं जंगल आणि त्याच्या कडेला तोफांचा एक बुरूज. तो घ्यायला इंग्रजांनी ब्रिगेडियर इंगोल्ड्सबीला चार पलटणी देऊन धाडलं. झाडीत ग्रासँची माणसं होती. किती, ते बाहेरून कळेना. इंगोल्ड्सबी थबकला, तोफा मागवल्या, पुन्हा विचारणा केली, आणि बुरूज राहिला तो राहिलाच. मग त्याच बुरुजावरच्या तोफांनी मैदानातून पुढे सरकणाऱ्या इंग्रज रांगांची बगल झोडपली. लढाई फ्रेंचांनी जिंकली आणि इंगोल्ड्सबीला लष्करी न्यायालयापुढे उभं राहावं लागलं.

१७५७ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाचा सेनापती हादिक काही हजार हुसार (हलके घोडेस्वार) आणि क्रोएट घेऊन थेट प्रशियाच्या राजधानीत, बर्लिनमध्ये घुसला, खंडणी वसूल केली आणि प्रशियन कुमक पोचायच्या आत पसार झाला. मराठी वाचकाला सुरत आठवेल. पुढल्याच वर्षी प्रशियाचा राजा फ्रेडरिक ऑस्ट्रियाच्या ओल्म्युट्झ या किल्ल्याच्या शहराला वेढा घालून बसला असताना त्याच्याकडे निघालेला हजारो गाड्यांचा रसदेचा तांडा ३० जूनला डोमश्टाट्लजवळ लाउडन आणि सिश्कोविच या ऑस्ट्रियन सेनापतींनी फोडला. फ्रेडरिकला वेढा उठवावा लागला. कावा म्हणतात तो हाच की!

रांगेत उभं राहणं मूर्खपणाचं होतं का? त्या काळच्या साध्या नळीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे रामभरोसे. त्यामुळे एकट्याने नेम धरण्यापेक्षा शेकडोंनी एकदम बार काढणं जास्त कामाचं. शिवाय मोकळ्या रानात विखुरलेल्या माणसांवर घोडदळ आलं तर कापाकापीच. आटे पाडलेल्या नळीची बंदूक अचूक होती खरी, ती जर्मन येगरांकडे म्हणजे शिकारी-वनरक्षकांच्या तुकड्यांकडे होतीही. पण भरायला वेळ खाई आणि तिला सहसा संगीन नसे. म्हणून दोन्ही प्रकारची माणसं लागत.

त्या मजकुराच्या बाजूने एक मान्य करतो : युरोपातल्या सेनापतींना या तुकड्यांबद्दल प्रेम नव्हतं. ट्रेंकची माणसं लुटारू म्हणून बदनाम होती, तो स्वतः १७४९ मध्ये ब्रनोच्या किल्ल्यात कैदेत मेला. फ्रेडरिकच्या ‘मुक्त पलटणीं’त, म्हणजे नेहमीच्या फौजेबाहेर उभारलेल्या हलक्या तुकड्यांत, पळपुटे आणि युद्धकैदी भरलेले असत, आणि त्यांची किंमतही तो तेवढीच करी. पण नावडतं असणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं.

राहता राहिली अमेरिका. १७७५ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनजवळच्या काँकर्ड गावाहून परतणाऱ्या इंग्रजांना अमेरिकन शेतकऱ्यांनी भिंतींआडून झोडपलं, हे खरंच. पण वॉशिंग्टनला हवी होती ती रांगेत टिकणारी सेना. १७७८ मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत त्याच्या शिपायांना संगीन कशी चालवायची आणि रांग कशी धरायची हे शिकवणारा श्टॉयबेन प्रशियातून आलेला, आणि सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) तो काही काळ एका मुक्त पलटणीच्या सेनानीच्या, मायरच्या, हाताखाली होता.