‘राष्ट्राध्यक्ष थेट निवडा, सगळं सुटेल’ म्हणे

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ह्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर, मामांकडून, वर तीन तिरंगे आणि खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. म्हणणं थोडक्यात असं की संसदीय पद्धत म्हणजे इंग्रजांचं उष्टं, ती टाका, अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष जनतेतून थेट निवडा, मग सरकार पडायचं नाही, मंत्री तज्ज्ञ मिळतील, घोडेबाजार बंद, निर्णय फटाफट, आणि कौल खरा जनतेचा. मामांना ग्रुपवर उलट बोलणं बरं दिसत नाही म्हणून इथे लिहितोय.

पहिलं, सरकार पडायचं नाही. अहो पण पडतंय कुठे? १९९६ ते ९९ चा काळ खरंच वाईट होता, वाजपेयींचं एक सरकार १३ दिवसांत गेलं, मग देवेगौडा, मग गुजराल, आणि एप्रिल १९९९ मधे वाजपेयींचं दुसरं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. पण त्यानंतर? वाजपेयी, मग मनमोहन सिंग दोन टर्म, मग मोदी, मधेच पडलेलं केंद्र सरकार एकही नाही, आणि यातली बरीच वर्षं तर आघाडीचीच होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या तापावर आत्ता औषध कशाला? आणि ह्यावर आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ लाच बोलून गेलेत, घटनेचा मसुदा मांडताना. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, दोन्ही पूर्ण मिळत नाही, आणि आम्ही जबाबदारी निवडलीय, कारण तिथे सरकारचा हिशोब रोजच्या रोज घेता येतो, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास आणून. म्हणजे निवड विचार करून केलेली होती, इंग्रज गेले आणि त्यांचं ताट तसंच राहिलं असं नाही झालेलं.

तज्ज्ञ मंत्र्यांचं एका ओळीत: मनमोहन सिंग जून १९९१ मधे अर्थमंत्री झाले तेव्हा खासदारच नव्हते, सहा महिन्यांत निवडून यायची मुभा घटनेतच आहे, ते नंतर राज्यसभेत गेले. जयशंकर २०१९ ला तसेच आले. दार उघडंच आहे.

आता घोडेबाजार, इथे मला खरंच हसू येतं. राष्ट्राध्यक्ष थेट निवडला तरी कायदे आणि बजेट संसदच पास करणार ना? मग त्याच्याकडे तिथे बहुमत नसेल तर? ब्राझीलमधे राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, तिथे २००५ मधे प्रकरण बाहेर आलं की सरकारच्या बाजूने मत द्यायला खासदारांना दरमहा पैसे दिले जात होते. म्हणजे आपल्याकडे सरकार पाडताना बाजार भरतो, तिथे थेट महिना बांधून दिलेला. आणि विकत घ्यायचं नसेल तर अडकून बसा, अमेरिकेत २०१८-१९ ला बजेटवरून ३५ दिवस सरकारी कामकाज ठप्प होतं, २०२५ मधे ४३ दिवस.

एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडे ‘जनतेतून सरपंच’ आहेच की. २०१७ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. आमच्या गावात सरपंच एका पॅनलचा थेट निवडून आला आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनलचे. मासिक सभेला सगळे यायचे, प्रोसिडिंगवर सही करायचे, चहा प्यायचे आणि ठराव आला की सहा हात वर, विरोधात. वरच्या आळीच्या पाइपलाइन दुरुस्तीचा ठराव असा तीन सभा लटकला. सरपंच म्हणायचा मला गावाने निवडलंय, सदस्य म्हणायचे आम्हालापण गावानेच निवडलंय, आणि दोघांचंही खरं होतं, हीच तर गोची. दिल्लीत हेच होईल, फक्त पाइपलाइनच्या जागी देशाचं बजेट.

‘खरा जनतेचा कौल’ हा मुद्दा वरवर भारी वाटतो. पण ज्या अमेरिकेचं उदाहरण देताय तिथेच २०१६ मधे हिलरी क्लिंटनना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि त्या हरल्या, कारण तिथे शेवटी राज्याराज्यांच्या प्रतिनिधींची मतं मोजतात. बरं ती भानगड नको, सरळ मतमोजणी करू म्हणाल, तर मग उत्तरेतली मोठी राज्यं मिळून राष्ट्राध्यक्ष ठरवणार आणि केरळ-तमिळनाडूत कोणी प्रचाराला तरी जाईल का. आणि समजा निवडला, चुकीचा निघाला, मग? श्रीलंकेत गोटाबाया राजपक्षे २०१९ ला निम्म्याहून जास्त मतं घेऊन थेट निवडून आले. २०२२ मधे पेट्रोल नाही, औषधं नाहीत, लोक रस्त्यावर, पंतप्रधान मे मधे गेले पण राष्ट्राध्यक्ष जुलैपर्यंत बसून, शेवटी माणसं त्यांच्या बंगल्यात घुसली, स्विमिंग पूलमधे उड्या मारल्या तेव्हा ते देश सोडून पळाले. इस्रायलने तर पंतप्रधानच थेट निवडून बघितला, १९९६, १९९९ आणि २००१ ला, आणि मग गुपचूप जुन्या पद्धतीवर परत.

फटाफट निर्णय? नोटाबंदी रात्री आठला सांगितली आणि बाराला लागू. लॉकडाऊनला चार तास. १९७५ ची आणीबाणी तर राष्ट्रपतींची सही रात्री आणि मंत्रिमंडळाला पत्ता सकाळी. वेगाची टंचाई मला तरी ह्या देशात दिसलेली नाही.

मग सगळं छान आहे का, तर अजिबात नाही, मामांची चिडचिड मला पटते, औषध पटत नाही. १७ वी लोकसभा (२०१९-२४) पाच वर्षांत २७४ दिवस बसली, पहिली बसली होती ६७७. आख्ख्या टर्ममधे उपाध्यक्ष निवडलाच नाही. मार्च २०२३ मधे सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना पास. आंबेडकर म्हणाले तो रोजचा हिशोब घेणार कोण, कारण १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदाराचा हात व्हिपला, म्हणजे मत कसं द्यायचं ह्याच्या पक्षाच्या आदेशाला, बांधलाय, साध्या बिलावरसुद्धा पक्षाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. आणि तो कायदा आणला कशासाठी, तर घोडेबाजार थांबवायला! ठोक पक्षांतराचा रस्ता मोकळाच राहिला, ते आपण महाराष्ट्रात २०२२-२३ ला दोनदा बघितलं, आणि प्रश्न विचारणारा एकटा खासदार मात्र गप्प.

व्हिप फक्त सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता ठेवा असं गोस्वामी समितीने १९९० ला सांगितलं, विधी आयोगाने १९९९ ला. त्यासाठी अख्खी घटना उपटावी लागत नाही, पक्षांतरबंदी जिथे लिहिलीय त्या दहाव्या परिशिष्टात थोडी दुरुस्ती पुरते. कुठलाच पक्ष ती करत नाही, सत्तेतला नाही आणि विरोधातला पण नाही, कारण व्हिप सगळ्यांनाच हवाय. ह्याचा मेसेज कोणी फॉरवर्ड केलेला मी अजून बघितला नाही.