गुडघा बदलल्यानंतरच्या फिजिओथेरपीबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आपण लिहिलं आहे की शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात आईंना आमच्याकडे 'गुडघा वाकवून वाकवून रडवलं, शेक नाही, मशीन नाही, वर व्यायाम घरीच करा म्हणाले'. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला बघवेल? आपला राग मी समजू शकते. त्यांची वैद्यकीय माहिती इथे चारचौघांत मांडणार नाही. गुडघा बदललेल्या कुणालाही लागू पडेल तेवढंच लिहिते.

ऑपरेशननंतर सांध्याभोवती व्रणाचे तंतू तयार होतात. सुरुवातीचे आठवडे ते ताणले जातात, नंतर घट्ट होत जातात. खुर्चीतून सहज उठायला, जिना नीट उतरायला गुडघा 90 अंशांच्या आसपास किंवा थोडा जास्तच वाकावा लागतो, आणि तो मिळवायचे दिवस हेच. त्यात कळ येतेच. मात्र व्यायाम थांबल्यावर ती लवकर उतरली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर आम्ही जोर कमी करतो. सूज ताजी असताना गरम शेक आम्ही देत नाही, बर्फ देतो. आणि दुखणं कमी करणाऱ्या मशीनने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, गुडघा त्याने वाकत नाही.

घरच्या व्यायामाबद्दल मात्र मी ठाम आहे. आमच्याकडे पेशंट तासभर असतो, बाकीचा दिवस घरी. त्यात मला सगळ्यात जास्त धास्ती उशीची. गुडघ्याखाली उशी दिली की बरं वाटतं, म्हणून घरचे मायेने देतात. पण गुडघा तसाच अर्धवट वाकलेला आखडतो आणि पाय सरळ न झाल्याने लंगडणं मागे राहतं. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या.

पुढच्या वेळी आपण स्वतः सोबत बसा. सर्जननी दिलेली वेदनाशामक गोळी त्यांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी द्या. गुडघा किती वाकतो, किती सरळ होतो, ते आपल्यासमोर मोजून लिहून देईन. तरीही दुसरीकडे जावंसं वाटलं तर उरलेल्या सेशनचे पैसे परत मिळतील, आजवरच्या नोंदीही देऊ.

एक मात्र लक्षात ठेवा: पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी सर्जनना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या.

– संचालिका व फिजिओथेरपिस्ट