महापौरांच्या नावावर काय काय खपवायचं?

नाशिक महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक जुना मेसेज नव्या जोमाने फिरायला लागला. मथळा आहे ‘मावळत्या महापौरांचा हिशेब’. मार्च २०२२ मध्ये सतीश कुलकर्णी पायउतार झाले तेव्हाचा असावा. मजकूर थोडक्यात असा : सिटीलिंक ही पालिकेची शहर बस आणली, एवढं एकच काम त्यांनी केलं. बाकी घरपट्टी त्यांनी वाढवली, स्मार्ट रोडची वाट त्यांनी लावली, मेट्रोचं गाजर त्यांनी दाखवलं. खाली कुणीतरी ताजी ओळ चिकटवली आहे, ‘त्यापेक्षा महापौर नसलेली चार वर्षं बरी होती.’

मी कुलकर्णींचा वकील नाही. पण हा मेसेज त्यांना शिव्या देतो त्याही चुकीच्या आणि शाबासकी देतो तीही चुकीची. त्यापायी जे खरंच विचारायला हवं ते राहून जातं.

आधी घरपट्टी, कारण खिशाला बसलेला चटका कुणी विसरत नाही. नाशिकमध्ये घरपट्टीवरून जे रणकंदन झालं ते २०१८ मध्ये. तेव्हा महापौर होत्या रंजना भानसी आणि आयुक्त तुकाराम मुंढे. कुलकर्णी महापौर झाले नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे मेसेजवाल्याने मुळात माणूसच चुकीचा पकडलाय. नाव बदलून घेतलं तरी आरोप टिकत नाही. घरपट्टीचं बिल काढून बघा. त्यात एक आकडा असतो करयोग्य मूल्याचा, म्हणजे मिळकतीची ज्यावर कर लागतो ती किंमत, आणि त्यावर टक्क्यांनी लागणारे दर. कायद्याप्रमाणे दर ठरवते महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, तेही दरवर्षी २० फेब्रुवारीच्या आत. करयोग्य मूल्य ठरवणं हे आयुक्तांचं काम. २०१८ ला लोकांना झोंबलं ते हे दुसरं. १ एप्रिलपासून नव्या मिळकतींसाठी करयोग्य मूल्याचा हिशेबच बदलला आणि मोकळ्या जमिनीही त्यात आल्या. महासभेत गदारोळ झाला, वाढ रद्द करायचा ठराव झाला. आयुक्त म्हणाले, हा अधिकार माझा. ठराव कागदावर राहिला.

मग अविश्वास ठराव आला. आयुक्ताला घालवायचं तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतं लागतात. आपल्या १२२ च्या सभागृहात ती होतात ७७. सत्ताधारी भाजपचे होते ६६. विरोधकही चिडलेले होते, त्यामुळे आकडा जमलाही असता. पण तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचा, म्हणजे देवेंद्र फडणवीसांचा निरोप आला आणि सप्टेंबरच्या तोंडावर ठराव मागे घेतला गेला. मुंढेंची बदली नोव्हेंबरमध्ये झाली, तीही मुंबईहून. या सगळ्या प्रकरणात महापौरांच्या हातात काय होतं? सभा बोलावणं, सभेत बसणं आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत देणं. जाता जाता, त्याच बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य सरकारचा असतो, पालिका फक्त गोळा करून देते. त्याचंही बिल आपण महापौरांच्याच नावाने फाडतो.

सिटीलिंकचं उलटं आहे. बस ८ जुलै २०२१ ला सुरू झाली, तेव्हा कुलकर्णी महापौर होते, म्हणून ‘त्यांनी आणली’. शहर बससेवा एसटीकडून पालिकेने घ्यायची की नाही, हा घोळ त्यांच्या कितीतरी आधीपासूनचा. एसटी तोटा सांगत फेऱ्या कमी करत होती, नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) ये-जा करणारे लोक थांब्यावर ताटकळत होते आणि विषय २०१८ मध्येच महासभेत गाजत होता. सेवा चालवायला वेगळी कंपनी निघाली, गाड्या ठेकेदारांच्या आल्या. ठेकेदाराला पैसे मिळतात किलोमीटरवर. गाडीत पाच माणसं असोत की पन्नास, तिकिटातून न भागणारी रक्कम पालिका भरते. हे गणित नीट कळलं तर पुढे वाहकांचे पगार थकून संप का झाले आणि सकाळी क्लासला निघालेली पोरं स्टॉपवर का उभी राहिली, तेही कळतं. कुलकर्णींना श्रेय द्यायचंच तर विषय मार्गी लागेपर्यंत त्यांनी तो अडवला नाही, एवढं द्या. आपल्याकडे हेही कमी नाही म्हणा.

स्मार्ट रोड. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका, १.१ किलोमीटर. जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर कचेरी याच पट्ट्यात, म्हणून अख्खं शहर त्या खोदकामात अडकलं आणि अजून बोटं मोडतं. पण काम पालिकेच्या बांधकाम खात्याचं नव्हतंच. ते स्मार्ट सिटी योजनेसाठी काढलेल्या वेगळ्या कंपनीचं होतं आणि तिच्या अध्यक्षपदी राज्याने नेमलेले सीताराम कुंटे होते. नगरसेवकांनी महासभेत कितीही आरडाओरडा केला तरी कंपनी महासभेला बांधील नव्हती. इथे मात्र मी महापौरांना मोकळं सोडणार नाही. कंपनीच्या संचालक मंडळात महापौरांची खुर्ची होती. त्या खुर्चीवर बसून भानसींनी काय विचारलं, नंतर कुलकर्णींनी काय विचारलं, बैठकीच्या इतिवृत्तात त्यांची एखादी हरकत नोंदवलेली आहे का? हा प्रश्न मेसेजात कुठेच नाही.

मेट्रोवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले ते दिल्लीत. गाजर असेल तर ते तिथलं. आपल्या महापौरांनी पेढे वाटले असतील फार तर.

मग महापौरांना जाब विचारायचा तरी कशाचा? अजेंड्याचा. कोणता विषय महासभेपुढे येणार, कोणता तहकूब राहणार आणि कोणता ऐनवेळी ‘जादा विषय’ म्हणून घुसणार, यात महापौरांचा शब्द चालतो. राजीव गांधी भवनातल्या, म्हणजे पालिकेच्या मुख्यालयातल्या, सभेची रीत ज्याने पाहिली असेल त्याला सांगायला नको. पहिले दोन-तीन तास खड्डे, कुत्री, पाणी यांवर लक्षवेधी भाषणं होतात. पेपरवाल्यांच्या बातम्या तिथेच होऊन जातात. मग पीठासनावरून दहा-वीस विषयांचे नुसते क्रमांक वाचले जातात, ‘मंजूर, मंजूर’ होतं आणि राष्ट्रगीत सुरू होतं. भूसंपादनाचे, पालिकेचे भूखंड बीओटीवर (खासगी माणसाने बांधायचं, काही वर्षं चालवायचं, मग परत करायचं) देण्याचे मोठ्या रकमांचे विषय कुलकर्णींच्या काळातही आले. त्यांवर किती मिनिटं चर्चा होऊ दिली, कुणाच्या विरोधाची नोंद घेतली, हे इतिवृत्तात सापडतं. तो हिशेब खास महापौरांचा. आयुक्तांवर ढकलता येत नाही, मंत्रालयावरही नाही.

राहिली ती चिकटवलेली ओळ. महापौर नसलेली चार वर्षं बरी कशी? मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि स्थायी समिती व महासभा म्हणून स्वतःच मंजूर करायचा. सभागृहात निदान तहकूब करा म्हणून ओरडणारं कुणी असतं, इथे तेही नव्हतं. खड्डे होते तेवढेच राहिले, सिटीलिंकचे संप याही काळात झाले. २०२५ च्या शेवटी तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, अठराशेच्या आसपास झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा लोकांना हरकतींचे कागद घेऊन रांग लावावी लागली, रस्त्यावर उतरावं लागलं. झाडतोडीचा निर्णय घेणाऱ्या वृक्ष प्राधिकरणात एरवी नगरसेवक असतात. तेव्हा एकही नव्हता, कारण शहरात नगरसेवकच नव्हते. प्रशासक माणूस म्हणून चांगला असेलही. पण सिडकोतल्या बाईने तुंबलेल्या गटारीसाठी कुणाच्या दारात जायचं? नगरसेवक निदान पुढच्या निवडणुकीच्या भीतीने तरी दार उघडतो. ती भीती खरी असते, मनसेला विचारा. २०१२ ला ४० नगरसेवक होते, २०१७ ला ५ उरले.

नव्या महापौरांची अडीच वर्षं २०२८ मध्ये संपतील. मधे २०२७ चा सिंहस्थ आहे आणि त्यासाठी राज्याने कायदा करून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमलंय. तेव्हा पुढच्या मेसेजचा मसुदा आत्ताच लिहून ठेवता येईल. कुंभ सुरळीत पार पडला तर ‘महापौरांनी करून दाखवलं’, आणि घाटावर चिखल झाला तर ‘महापौर काय करत होते?’