चूक त्याची, एनसीबी तुमचा

इंदूरच्या पलासियाच्या सिग्नलला गाडी उभी आहे, मागून कुणीतरी येऊन ठोकतो. उतरल्यावर आपल्याकडचं पहिलं वाक्य ठरलेलं: "चूक तुझी आहे, तुझ्या इन्शुरन्समधून भरून दे." मंडळी, हे तसं होत नाही. समोरच्याच्या पॉलिसीतला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) भाग तुमच्या गाडीच्या नुकसानीला लागू असतो, खासगी कारसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत. पण ते पैसे काउंटरवर अर्ज देऊन मिळत नाहीत. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं, तेही अपघातापासून 6 महिन्यांच्या आत, आणि पोलिसांचा कागद हातात ठेवून. एका बंपरसाठी कोण जाणार?

म्हणून व्यवहारात गाडी आपल्याच पॉलिसीच्या ओडी (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागातून दुरुस्त होते. कंपन्यांचा आपसात नॉक-फॉर-नॉक करार असतो. जो तो आपापल्या ग्राहकाची गाडी करून देतो, एकमेकांकडून वसुली करत नाही. कंपन्यांचा कागदी घोळ वाचतो, सावध चालवणाऱ्याचा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सवलत) मात्र शून्यावर येतो. चूक कुणाची हा प्रश्न एनसीबीच्या नियमात येतच नाही, क्लेम घेतला की नाही एवढंच बघतात. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे. विलायतेत चूक दुसऱ्याची ठरून सगळी वसुली झाली, तर ही सवलत सहसा शाबूत राहते. लंडनला असलेल्या भाच्याचा "चूक तुझी नाही, बिनधास्त क्लेम घे" हा सल्ला इथे चालत नाही तो याचमुळे.

तरीही कंपनीला कळवायचंच. कळवणं आणि क्लेम घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. पॉलिसीच्या अटींमधली पहिलीच अट अपघाताची लेखी सूचना लगेच देण्याची आहे. हेल्पलाइनला फोन केला की पलीकडचा माणूस बहुधा थेट क्लेम नंबर काढून देतो, म्हणून ईमेल बरा. पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, चौराहा, दोन्ही गाड्यांचे नंबर, फोटो, आणि खाली एवढंच: "ही फक्त अपघाताची सूचना आहे. सध्या क्लेम मागत नाही, हक्क राखून ठेवत आहे." क्लेम नोंदला गेलाच असेल आणि नको असेल, तर पैसे घेण्याआधी मागे घ्या आणि 'शून्य रक्कम, क्लेम मागे घेतला' असं लेखी मागून घ्या. एनसीबी साधारणपणे टिकतो, पण तो कागद नसेल तर नूतनीकरणाला भांडत बसाल.

स्कूटरवाला मागून धडकून पडला असेल तर सूचनेत हयगय नकोच. आज "काही नाही भिया, जाऊ द्या" म्हणणारा चार महिन्यांनी दावा लावू शकतो, आणि रस्त्यावर मोठ्या गाडीकडेच बोट दाखवलं जातं. जखमी माणूस असेल तर पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार बंधनकारक आहे. नोटीस किंवा समन्स आलं तर ड्रॉवरमध्ये न टाकता त्याच दिवशी कंपनीला पाठवा. आणि कंपनीच्या लेखी संमतीशिवाय "चूक माझी" असं लिहून देऊ नका, भरपाईचा शब्दही देऊ नका. उलट बाजूनेही तेच. दोन हजार घेऊन "पूर्ण भरपाई मिळाली" अशी चिठ्ठी दिलीत, तर पुढे क्लेमला जागा उरत नाही.

आता क्लेम घ्यायचा का, तर हिशेब करा. समजा सवलत नसताना ओडी प्रीमियम 9,000 आहे आणि तुम्ही 50 टक्के एनसीबीवर आहात. क्लेम घेतला की पुढल्या पाच वर्षांत एनसीबी 0, 20, 25, 35, 45 असा चढतो. प्रत्येक वर्षीचा 50 शी फरक जोडा: 50, 30, 25, 15, 5. एकूण 125 टक्के, म्हणजे 11,250 रुपये. (प्रीमियम दरवर्षी थोडा बदलतो, तेवढं सोडून द्या.)

समोर बिल काय? बंपर 6,000, रंगकाम 4,000, मजुरी 1,500. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसेल तर प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे बंपरचे 3,000. रंगकामातला चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणून 3,500. मजुरी पूर्ण. झाले 8,000. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची 1,000 ची वजावट. हातात 7,000, आणि गेले 11,250. झिरो डेप असलं तरी 10,500 च. असला क्लेम घेऊ नये.

पण हे ठरवायच्या आधी गॅरेजमध्ये बंपर उतरवून बघा. प्लास्टिक दाबलं जाऊन परत जागेवर येतं, मागची लोखंडी पट्टी मात्र वाकलेली राहते. डिक्कीच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या नसतील किंवा झाकण जोर लावून बंद करावं लागत असेल, तर मागचा पॅनल गेलाय. मग बिल सहज कितीतरी पट होतं आणि क्लेम घेणंच शहाणपणाचं. दुरुस्ती मात्र कंपनीच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत सुरू करू देऊ नका.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा. गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबर प्लेट एका फ्रेममध्ये, सिग्नल दिसेल असा एक फोटो, समोरच्याचं लायसन्स आणि आरसी. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की त्याचा विमा चालू आहे का ते कळतं. डॅशकॅमची फाइल लगेच वेगळी काढा, नाहीतर तिच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. दुकानाच्या कॅमेऱ्याचंही तेच.

एक गोष्ट कधी करू नका: क्लेम घेऊन, कंपनी बदलून, नव्या फॉर्मवर "क्लेम नाही" अशी खूण. नवी कंपनी जुनीकडून खातरजमा करू शकते, आणि एनसीबी खोटा निघाला तर ओडीचे सगळे फायदे जप्त होतात. मोठ्या अपघाताच्या वेळी हे उघड होतं.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर आपल्या इंदूरकरांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा 50 लाखांची. नकार मिळाल्यापासून एका वर्षात अर्ज गेला पाहिजे. सोबत ती पहिल्या दिवसाची ईमेल जोडा.