‘मशीनला क्लीन चिट का देता?’ : एका ठाणेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रक्ततपासणीतल्या चुकांवरच्या माझ्या लेखावर ‘त्रस्त ठाणेकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बरीच लांब आहे. थोडक्यात ती अशी: वडिलांचं रक्त कासारवडवलीच्या घरी येऊन नेलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.१, म्हणजे काळजी वाटावी इतकं जास्त. रात्रभर घरात कुणाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये जाऊन पुन्हा तपासलं, तर ४.४. उपाशीपोटीची साखर आधी ९७, नंतर १०४. म्हणजे एकीकडे नॉर्मल, दुसरीकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि मी मात्र ‘बहुतेक चुका मशीनच्या आधी होतात’ असं लिहून लॅबवाल्यांना मोकळं सोडलं, वर रक्त देताना ‘मूठ आवळू नका’ हा पोरकट सल्ला दिला. मशीन भंगार आहेत आणि सगळा धंदा आहे, हे का लिहीत नाही?

लिहीत नाही, कारण तुम्ही पाठवलेले दोन रिपोर्टच तसं म्हणत नाहीत.

पोटॅशियम इलेक्ट्रोडवर मोजतात आणि ही रसायनशास्त्र विभागातली सगळ्यात भरवशाची मोजणी आहे. एकच नमुना पुन्हा पुन्हा लावला तर फरक एक-दीड टक्क्याच्या आसपास येतो. ४.४ चं ६.१ व्हायचं तर इलेक्ट्रोड चाळीस टक्क्यांनी चुकायला हवा. तसा तो चुकला तर त्या सकाळच्या प्रत्येक पेशंटचं पोटॅशियम सहाच्या पुढे जाईल, आणि त्याआधी रोज लावायचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, कोसळतील. ते कुणाच्या लक्षात येणार नाही, असं होत नाही. बिघाड एकट्या तुमच्या वडिलांच्या ट्यूबमध्ये आहे. तेव्हा ट्यूबचीच उलटतपासणी करू.

पहिला संशयित जांभळ्या झाकणाची ट्यूब. सीबीसीच्या या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त आधी तिच्यात घेतलं आणि मग पोटॅशियम जिच्यातून मोजतात त्या पिवळ्या ट्यूबमध्ये, किंवा जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं (हे घडतं, ट्यूब कमी भरली की मोह होतो), तर पोटॅशियम उसळी मारतं. पण ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे कॅल्शियम त्याच वेळी घसरतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही उतरतं. तुमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम ९.४, दुसऱ्यात ९.३. फॉस्फटेज दोन्हीकडे ठीक. हा संशयित सुटला.

दुसरा हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीसेक पट असतं. बारीक सुईतून सिरिंजने जोरात ओढलं, किंवा ट्यूब खळखळून हलवली की पेशी फुटतात आणि सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा पिवळसर द्रव, गुलाबी होतं. मग एलडीएच आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली एन्झाइमसुद्धा वाढतात. आजकालचे अ‍ॅनालायझर हिमोलिसिसचा निर्देशांक स्वतःच मोजतात आणि लॅब तशी टीप देते. तुमच्याकडे टीप नाही, एसजीओटी दोन्हीकडे जवळपास सारखं. हाही सुटला.

उरला तिसरा, आणि त्याची खूण रिपोर्टच्या डोक्यावरच छापली आहे. नमुना घेतला: ७.०५. नमुना मिळाला: १२.२०. सव्वापाच तास! घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोड आणि नवी मुंबईत महापेची मुख्य लॅब, मध्ये आणखी दहा घरं. तुम्हीच लिहिलं आहे की रक्त न्यायला आलेल्या मुलाच्या बॅगेत बर्फाचे पॅक होते आणि त्यामुळे तुम्हाला ‘व्यवस्था चांगली वाटली’. इथेच मेख आहे. पेशीतलं पोटॅशियम आत कोंडून ठेवायला पेशीच्या भिंतीतला सोडियम-पोटॅशियम पंप सतत चालावा लागतो. थंडीत तो मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सीरम स्वच्छ पिवळंच दिसतं. निर्देशांकाला काही सापडत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली, म्हणजे पेशी आणि सीरम वेगळं न केलेली ट्यूब पाच तास बर्फाजवळ ठेवली तर चांगल्या माणसाचं पोटॅशियम सहाच्या घरात जाऊ शकतं.

गंमत म्हणजे साखरेला नेमकं उलटं लागतं. न फिरवलेल्या रक्तात पेशी ग्लुकोज खात राहतात, साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. थंडीत हे खाणं कमी होतं. म्हणजे एकाच बॅगेत एका ट्यूबला बर्फ हवा आणि दुसरीला अजिबात नको. आणि मे महिन्यात बर्फाशिवाय पाठवलं तर? उन्हात तापलेल्या डब्यात पंप जोरात चालतो, सुरुवातीचे काही तास पोटॅशियम पेशीत ओढलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो. हे मला जास्त धोक्याचं वाटतं. खोट्या ६.१ मुळे रात्रीची झोप जाते, खऱ्या ६.१ चं ५.२ दिसलं तर कुणी विचारतही नाही.

यावर उपाय साधा आहे आणि लॅबवाल्यांना तो पाठ असतो: पिवळी जेलची ट्यूब अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. जेल मध्ये येऊन बसतं, पेशी खाली, सीरम वर. त्यानंतर महापेला न्या नाहीतर कुठेही. फक्त मुख्य लॅबमध्ये पोचल्यावर तीच जेल ट्यूब पुन्हा फिरवायची नाही, कारण जेलखाली साठलेलं पोटॅशियम वर येतं. नमुने नवी मुंबईत नेणं ही लूट आहे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मोठा अ‍ॅनालायझर प्रत्येक नाक्यावर बसवता येत नाही. पण घोडबंदर रोडवर कलेक्शन सेंटर काढायचं आणि तिथे एक छोटा सेंट्रिफ्यूज ठेवायचा नाही, ही शुद्ध कंजुषी आहे. तुमचा राग इथे वळवा, मी सोबत आहे.

आता साखर. साखरेच्या करड्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं म्हणून ती सुरक्षित, असा समज आहे. फ्लोराइड ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतल्या शेवटाकडच्या एनोलेज या एन्झाइमला अडवतं. वरच्या पायऱ्या आणखी तास-दोन तास चालूच राहतात, तेवढी साखर जाते, मग आकडा स्थिरावतो. साखरेसाठीच्या आम्लयुक्त सिट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त लगेच आम्लधर्मी होतं आणि वरच्या पायऱ्या तिथल्या तिथे थांबतात, पण ती ट्यूब आपल्याकडे सर्रास मिळत नाही. म्हणून ९७ पेक्षा नौपाड्याचा १०४ मला खऱ्या आकड्याच्या जवळचा वाटतो. तरी त्यावरून भांडू नका. त्याच माणसाची उपाशीपोटीची साखर दिवसागणिक सुमारे ५ टक्क्यांनी हलते, त्यात मशीनचे दोनेक टक्के. संख्याशास्त्राच्या नियमाने दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून २.७७ ने गुणलं की साधारण १५ टक्के येतात. तेवढा फरक पडला तरच ‘खरंच बदल झाला’ म्हणायचं. तुमचा फरक ७ टक्के आहे. शिवाय १०० ची रेघ अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची, जागतिक आरोग्य संघटनेची ११०. दुसऱ्या रेघेने वडील दोन्ही दिवशी नॉर्मल. शंका असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करा, ते जांभळ्या ट्यूबमधून होतं आणि प्रवासाने बिघडत नाही. मात्र लोहाची कमतरता असेल तर ते थोडं वाढलेलं दिसतं, तेव्हा हिमोग्लोबिन सोबत बघा.

मुठीचं वाक्य मी काढणार नाही. चाळीस वर्षं सगळे ‘मूठ उघडा-मिटा’ सांगत आले हे खरं, पण दंडाला पट्टा बांधून हाताचे स्नायू चालवले की त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि अडकलेल्या रक्तातच साठतं. एवढ्यानेच आकडा १ मिलीमोलने किंवा अधिक वाढल्याची नोंद आहे. हात सैल, पट्टा एक मिनिटाच्या आत सुटलेला, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र तुम्हाला टोकायला हवं. ६.१ पाहून तुम्ही सकाळपर्यंत थांबलात. वडील टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी घेतात. या गोळीने पोटॅशियम खरंच वाढू शकतं, स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) किंवा किडनीचा त्रास जोडीला असेल तर फारच. खोटं असेल, असं घरबसल्या ठरवायचं नसतं. त्याच संध्याकाळी डॉक्टर, ईसीजी, आणि ट्यूब तिथल्या तिथे फिरवणाऱ्या ठिकाणी दुसरा नमुना. ईसीजी साफ आला म्हणून दुसरा नमुना टाळायचा नाही. पोटॅशियम वाढूनही ईसीजी साधा दिसू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ आणलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइडच असतं.

एक माहिती तुमच्या प्रतिक्रियेत नाही: सीबीसीमधल्या प्लेटलेट्स किती? रक्त गोठताना प्लेटलेट्समधूनही पोटॅशियम सुटतं. त्या पाच लाखांच्या बऱ्याच वर असतील तर सीरमवरचा आकडा पुढेही मधूनमधून फुगलेला येईल. तसं असेल तर पुढच्या वेळी हिरव्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन ट्यूबमधून प्लाझ्मावर (न गोठलेल्या रक्तातल्या द्रवावर) पोटॅशियम करून मागा.